बारा हजार सहाशे

दर तीन महिन्यांनी 3,150 रुपये, असं चार वेळा. पुसेगावच्या सेवा केंद्रातल्या ताईंनी पासबुकावरून बोट फिरवलं आणि कॅल्क्युलेटरला हात न लावता बेरीज सांगितली, "बारा हजार सहाशे." समोरच्या काकूंनी तो आकडा स्वतःशीच पुन्हा म्हटला. मग विचारलं, "पण ताई, हे कोणी नेले?"

हाच प्रश्न मी एका ओळखीच्या घरी ऐकला होता, तिथेही कर्ता माणूस गेलेला होता. त्याचं उत्तर कुठे मिळतं ते बघायला मी इथे आले. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातलं हे गाव. मार्चचे दिवस, शिवारात हळद शिजवणं सुरू. तो उग्र, मातकट वास केंद्रातल्या कागदांनाही लागलेला होता.

काकूंचे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. ते गेल्यावर मिळालेल्या पैशांतले नऊ लाख बँकेत मुदत ठेवीला टाकले. सात टक्क्यांनी वर्षाचं व्याज 63,000 रुपये. साठीच्या आतल्या माणसाचं एका बँकेतलं व्याज वर्षाला 50,000च्या वर गेलं की बँक कर कापते. साठीनंतर ही मर्यादा एक लाख आहे. कपात एरवी दहा टक्के, पण काकूंच्या ठेवीवर वीस टक्के झाली.

आणि खरं पाहता काकूंना एक रुपयाही कर लागत नाही. ताईंनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. कुटुंब निवृत्तिवेतन महिन्याला 22,000 म्हणजे वर्षाचे 2,64,000. त्यात व्याजाचे 63,000. नव्या करपद्धतीत कुटुंब निवृत्तिवेतनातून 25,000ची वजावट मिळते. उरले 3,02,000. बचत खात्याचं चिल्लर व्याज धरलं तरी 2025-26 साठीच्या चार लाखांच्या करमुक्त मर्यादेच्या कितीतरी खाली. वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत 15जी फॉर्म दिला असता तर कपात झालीच नसती, असं काकूंना वाटत होतं. ताई म्हणाल्या, तो फॉर्मही चालला नसता.

म्हणूनच या केंद्रात पहिला प्रश्न रकमेचा नसतो. ताई विचारतात, "पॅनवर नाव कोणतं आहे?" काकूंच्या पॅन कार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दोन्ही जुळत नाहीत म्हणून जोडणी झाली नाही, आणि जोडणी न झालेली पॅन कार्डं 1 जुलै 2023 पासून निष्क्रिय धरली जातात. निष्क्रिय पॅनवर दुप्पट कपात, फॉर्म निरुपयोगी, आणि कापलेला पैसा परत मागितला तरी पॅन चालू होईपर्यंत मिळत नाही. ज्या बाईचं नाव लग्नात बदललं आणि जिचे सगळे व्यवहार नवऱ्यानं पाहिले, तिच्यावरच हा नियम नेमका येऊन आदळतो. मास्तरांना असली अडचण कधी आली नाही. त्यांचं नाव जन्मापासून एकच होतं.

"लग्नाचं सर्टिफिकेट आहे का?" ताईंनी विचारलं. ते नव्हतं, त्या काळी खेड्यात कोण काढत होतं? "मग पत्रिका?"

काकूंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी पडलेली लग्नपत्रिका काढली. कोपऱ्यांवरची हळद-कुंकवाची बोटं तपकिरी पडली होती. पॅनवरचं नाव लग्नामुळे बदलायचं असेल तर पुरावा म्हणून लग्नपत्रिकाही चालते. वधूचं माहेर आणि वराचं नाव एकाच कागदावर असतं, एवढंच त्यांना हवं असतं. नवरा गेल्यावर त्याच्याच पैशांवरचा कर सोडवायला ही पत्रिका स्कॅनरच्या काचेवर उपडी ठेवली गेली. काकू दुसरीकडे बघत होत्या. तेवढा क्षण मला अजून पुरतेपणी मागे टाकता आलेला नाही.

दुरुस्तीचे 107 रुपये, उशिरा जोडणीचे 1,000. आधारच्या यंत्रावर काकूंचा अंगठा उठेना. हळदीच्या कामानं रेषा झिजलेल्या. ताईंनी बोट पुसलं, दुसरं बोट ठेवलं, तिसरं ठेवलं. ओटीपीचा मार्ग होता, पण तो मोबाइल मास्तरांचा. रिचार्ज संपून नंबर बंद पडला की घराच्या किल्ल्याच हरवतात. "माणूस गेला तरी नंबर चालू ठेवा, सगळ्यांना सांगते मी," ताई म्हणाल्या.

मास्तरांच्या स्वतःच्या कराचं काम वेगळं. वर्षाच्या मध्येच माणूस गेला, तर एप्रिलपासून त्या दिवसापर्यंतच्या त्याच्या उत्पन्नाचं विवरणपत्र वारसाला भरावं लागतं. त्यासाठी प्राप्तिकराच्या पोर्टलवर वारस म्हणून नोंदणी करायची. त्यानंतरच्या ठेवींचं व्याज वारसांचं, पण बँकेला कळवलं नाही तर ते गेलेल्याच्याच पॅनवर पडत राहतं. मिळालेल्या मुद्दलावर मात्र कर नाही. मालमत्तेवरचा मृत्यूकर आपल्याकडे 1985 मध्येच रद्द झाला.

शेजारच्या बाकावरच्या एका आजींना हे पटेना. त्यांच्या हळदीच्या पट्टीवर कर नाही, मग तोच पैसा बँकेत ठेवला की त्याच्या व्याजावर कसा? शेतीचं उत्पन्न करमुक्त आणि व्याज करपात्र, हे ताईंनी दोनदा समजावलं. आजी मान हलवत राहिल्या. मला त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं वाटलं नाही. पण कायदा तसाच आहे, आणि 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले तरी हे बदललेलं नाही.

कायदा गावाच्या हातात नसतो, पण काही गोष्टी असतात. 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. बांगड्या फोडू नयेत हे गाव ठरवू शकतं, तर तेराव्याच्या आत घरातल्या बाईचं पॅन, आधार, मोबाइल आणि पासबुक कोणीतरी शांतपणे तपासावं हेही गावाला ठरवता येईल. त्याहून सोपं काम बँकेचं आहे. नऊ लाखांची ठेव तिच्या नावावर उघडताना पॅन चालू आहे का, हे समोरच्या संगणकावर तिथल्या तिथे दिसतं. ते तेव्हाच सांगितलं असतं तर काकूंचे बारा हजार सहाशे कापले गेले नसते. ठेव घेताना तत्परता, सांगताना नाही, हे मला अन्यायाचंच वाटतं.

ताईंनी पासबुकाच्या मागच्या पानावर दोन गोष्टी लिहून दिल्या: पॅनमधलं नाव दुरुस्त झालं की लगेच आधार जोडणी, आणि पॅन चालू झाल्यावर 31 जुलैच्या आत विवरणपत्र. "बारा हजार सहाशेच्या बारा हजार सहाशे मागायचे, काकू," त्या म्हणाल्या. काकूंनी विचारलं, जुलैमध्ये मुलगा पुण्याहून नाही आला तर? "तुम्ही या. सही तुमचीच लागते," ताई म्हणाल्या, आणि पुढच्या बाईला त्यांनी पॅनवरचं नाव विचारलं.