जूनचा खर्च : दुकानात जाण्याआधी जुनं दप्तर उघडा



मे महिना सरत आला की आमच्या गावात घरोघरी दोन याद्या निघतात. एक बी-बियाणे आणि खताची, दुसरी वह्या-दप्तराची. विदर्भ सोडला तर आपल्या शाळा 15 जूनच्या आसपास उघडतात आणि पेरणीची घाईही तेव्हाच असते. घरातली रोकड मात्र एकच. मागे एकदा माझ्या तिसरीच्या वर्गातली एक मुलगी पहिले आठ दिवस शाळेत आलीच नाही. घरी गेले तर तिची आई म्हणाली, "बाई, दप्तर अजून घ्यायचंय. बियाणं आणलं, आता पुढच्या बाजाराला बघू." वाईट वाटलं, कारण त्या दप्तरात घालायच्या वस्तूंची लांबलचक यादी मीच लिहून दिली होती.

तर खरेदीला निघण्याआधी काय विकत घ्यायचं नाही, ते आधी बघू.

शासकीय आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. जिल्हा परिषद, नगरपालिकेच्या शाळांत गणवेशही मिळतो. पूर्वी तो सर्व मुली आणि ठराविक गटातल्या मुलांनाच होता, 2023-24 पासून सर्वांना आहे. तरीही काही पालक घाईने दुकानातून घेतात आणि मग दोन-दोन संच होतात. आधी शाळेत विचारा. खाजगी शाळेत मूल असेल तर बालभारतीची पुस्तके मोठ्या भावंडाची, शेजारच्याची चालतात, पण अभ्यासक्रम बदलला नाही ना हे पाहून घ्या. 2025-26 मध्ये पहिलीची पुस्तके बदलली, तेव्हा जुना संच उपयोगाचा राहिला नाही. पुस्तकाची पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहे. पुण्याजवळचे असाल तर अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकेही मिळतात.

आता वह्या. खरा पैसा इथेच जातो, आणि वाचतोही इथेच.

मुलाचं जुनं दप्तर उघडा आणि प्रत्येक वहीतली कोरी पानं मोजा. मुलालाच मोजू द्या, गणिताचा तासही होतो! वहीवर 200 पेजेस छापलेलं असतं तेव्हा आत कागद 100 असतात. म्हणजे चार वह्यांत 25-25 कागद उरले असतील, तर एक पूर्ण दोनशे पेजेसची वही घरातच पडून आहे.

ती बांधायची कशी? पिना काढून, मध्ये दुमडून जमत नाही. कारण कोऱ्या पानाचा जोड असलेला दुसरा भाग लिहिलेला असतो. म्हणून पानं पट्टी लावून सरळ फाडा, एकावर एक रचा आणि कपड्यांच्या चिमट्यांनी घट्ट धरा. कडेपासून अर्धा इंच आत दाभणाने पाच भोकं पाडा (हे काम मोठ्यांनी करायचं) आणि जाड दोऱ्याने शिवा. वर जुन्या कॅलेंडरचा कागद. फक्त दुरेघी, चौरेघी आणि चौकटीची पानं एकात मिसळू नका, लहान मुलं गोंधळतात. निम्म्याहून जास्त कोरी असलेली वही मात्र फाडू नका. ती उलटी करून मागून सुरू करा.

नवी वही घेताना पानामागे काय पडतं ते बघा. समजा 100 पेजेसची वही 28 रुपयांना आणि 200 पेजेसची 45 रुपयांना आहे. पहिलीत पान 28 पैशांना पडतं, दुसरीत साडेबावीस पैशांना. मोठी स्वस्त! पण पहिली-दुसरीच्या मुलाची शंभर पेजेसचीच वर्षभरात भरत नाही, मग स्वस्ताईचा उपयोग काय? शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर आणि शार्पनरवरचा जीएसटी शून्य झाला आहे. जुनी किंमत छापलेला माल दिसला तर दुकानदाराला जरूर विचारा. चार-पाच पालकांनी मिळून डझनाच्या भावाने घेतल्या तर आणखी फरक पडतो.

गणवेश शिवून घेणार असाल तर शिंप्याला खाली दोन इंच कापड आत दुमडायला सांगा. दिवाळीनंतर टीप उसवली की उंची वाढते. दप्तराची चेन गेली म्हणजे दप्तर गेलं असं नाही; चप्पल शिवणाऱ्या काकांकडे चेन बदलून मिळते. दप्तर मोठं घेण्याचा मोहही नको. त्याचं वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांच्या आत हवं, म्हणजे 22 किलोच्या मुलाला सव्वादोन किलोही जास्तच. कार्टूनच्या चित्रावरून घरोघरी रडारड होते, ते मला माहीत आहे. तिथे मी काही सांगू शकत नाही, माझ्याच घरात हरले आहे.

शाळेने ठराविक दुकानाचीच सक्ती केली तर लेखी मागा. तशी सक्ती करू नये असे शासनाचे आदेश आहेत.

आणि शिक्षक मित्रांनो, आपली यादी. मी माझी जुनी यादी काढून बघितली. त्यातली चित्रकला वही बहुतेक मुलांची अर्धीही भरली नव्हती, निबंधाची वेगळी वही तर तिसरीला लागतच नव्हती. आता पहिल्या दिवशी मी फक्त तीन वस्तू सांगते : दोन वह्या, एक पेन्सिल. बाकीचं जुलैत, पेरण्या उरकल्यावर. दप्तर नसेल तर कापडी पिशवी चालेल, हेही पालकसभेत मोठ्याने सांगते. वर्गाच्या कोपऱ्यात एक खोका ठेवला आहे, त्यात उरलेली कोरी पानं टाकायची. ती मुलगी आता पाचवीत आहे, खोक्यातली पानं शिवायला मधल्या सुट्टीत तीच येते.