फायटर माशाची शेपटी काय सांगते?



आपल्यापैकी बरेचजण मूळचे कोकणातले. मासा म्हटला की आपल्याला पापलेट, सुरमई, बांगडा आठवतात, आणि तेही ताटात! आज मी ज्या माशाबद्दल लिहिते आहे तो ताटात नाही, टेबलावरच्या काचेच्या टाकीत असतो. मुंबईत त्याला ‘फायटर’ म्हणतात. इथे इस्राएलमध्ये दुकानदार ‘दाग क्राव’ म्हणतात, म्हणजे लढाऊ मासा. पुस्तकातलं नाव बेट्टा.

नातवंडांच्या वाढदिवसाला हा मासा भेट म्हणून येतो. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांनाही मुलं तो आणून देतात. जागा कमी लागते, आवाज नाही, फिरायला न्यावं लागत नाही. पण पुष्कळ घरांतून एकच गोष्ट कानावर येते, ‘दोन महिने छान होता, मग एक दिवस मेला.’ खरं म्हणजे नीट निगा राखली तर हा मासा तीन वर्षं सहज जगतो, कधी जास्तही. मग दोन महिन्यांत का जातो? बहुतेक वेळा तो एका दिवसात मेलेला नसतो. आजार आधीच सुरू झालेला असतो, आपलं लक्ष गेलेलं नसतं.

मी आयुष्यभर नर्सचं काम केलं. जो पेशंट बोलू शकत नाही, त्याच्याकडे बघूनच समजून घ्यावं लागतं. या माशाच्या बाबतीत बघायची पहिली जागा म्हणजे शेपटी. पण ती बिघडली आहे की नाही हे कळायला ती मुळात कशी होती, हे माहीत पाहिजे. म्हणून आधी शेपट्यांची ओळख करून घेऊ, मग निगा.

हा मासा मूळचा कुठला?

हा थायलंडचा. तिथली भातखाचरं, दलदलीच्या जागा, संथ वाहणारे ओढे हे त्याचं घर. श्रावणातली आपली खाचरं आठवा, म्हणजे चित्र डोळ्यांसमोर येईल. थाई लोक त्याला ‘प्ला कात’ म्हणतात, अर्थ चावणारा मासा. १९१० साली रीगन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्याला ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’ हे शास्त्रीय नाव दिलं. स्प्लेंडेन्स म्हणजे लॅटिनमध्ये झळकणारा. २०१९ मध्ये थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर ठरवलं.

रानातल्या बेट्टाची शेपटी आखूड आणि रंग मातकट असतो. माणसाने त्याला पाळायला सुरुवात केली ती किमान हजार वर्षांपूर्वी, असं २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या एका अभ्यासातून दिसलं. आधी झुंजीसाठी आणि नंतर शोभेसाठी निवडून निवडून पैदास झाली. दुकानात दिसणाऱ्या लांबलचक शेपट्या या माणसाने घडवलेल्या आहेत.

या माशाला कल्ल्यांशिवाय श्वासाचं आणखी एक इंद्रिय असतं. तो वर येऊन तोंडाने हवा घेतो. आपल्याकडच्या तळ्यांतली मरळही अशीच हवा घेते. त्यामुळे काही लोक म्हणतात, ‘हा डबक्यातला मासा, याला ग्लासभर पाणी पुरे.’ हे बरोबर नाही. खाचरातलं पाणी उथळ असतं, पण ते लांब-रुंद पसरलेलं आणि उबदार असतं. ग्लासात श्वास मिळतो, पण घाण साठते आणि पाणी लवकर गार पडतं.

शेपट्यांचे प्रकार

शेपटी ओळखायची ती नराची. मादीची शेपटी आखूड असते आणि लहान पिल्लांची पूर्ण वाढलेली नसते, त्यामुळे तिथे फसगत होते. नराला क्षणभर आरसा दाखवा. दुसरा नर आला असं समजून तो पर फुलवतो, तेव्हा शेपटीचा खरा आकार दिसतो. मिनिटभर पुरे! दिवसभर आरसा ठेवला तर बिचारा लढून लढून थकतो.

शेपटीची रचना छत्रीसारखी असते. छत्रीच्या काड्या असतात तशा परात काड्या, आणि कापडासारखा त्यांच्यामधला पातळ पडदा.

वेलटेल. सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. शेपटी लांब आणि साडीच्या पदरासारखी खाली पडलेली. वरचा भाग लहान, खालचा मोठा.

प्लाकाट. आखूड, गोलसर शेपटी, रानातल्या माशाच्या सर्वांत जवळची. शेपटीचं ओझं नसल्यामुळे हा चपळ असतो. पहिल्यांदा मासा पाळणाऱ्यांनी हा घ्यावा असं मी सुचवीन.

क्राउनटेल. इथे पडदा कमी आणि काड्या बाहेर आलेल्या, त्यामुळे शेपटी कंगव्यासारखी किंवा मुकुटासारखी दिसते. हा प्रकार १९९० च्या दशकात इंडोनेशियात तयार झाला.

हाफमून. म्हणजे अर्धचंद्र. बालमित्रांनो, तुमच्या कंपासपेटीतला कोनमापक काढा. फुलवलेली शेपटी बरोबर तशी, पूर्ण १८० अंशांची असेल तर तो हाफमून. आकार तसाच पसरट पण कोन कमी असेल, तर तो डेल्टा. १८० च्या जवळ पोचतो पण पुरा होत नाही, तो सुपर डेल्टा.

डबलटेल. याला शेपटीच्या मुळापासूनच दोन वेगळे भाग असतात. पाठीवरचा परही रुंद असतो. शरीर थोडं आखूड असल्यामुळे पोटाच्या तक्रारी होण्याचा संभव जास्त.

रोझटेल. काड्यांना फाटे फुटून फुटून शेपटीला गुलाबाच्या पाकळ्यांसारख्या चुण्या पडतात. दिसायला फार सुंदर, पण शेपटी जड होते. मासा लवकर दमतो आणि कधी कधी स्वतःचीच शेपटी चावतो.

‘डम्बो’ नावाचा मासाही मिळतो. त्याचे कल्ल्यांमागचे दोन पर हत्तीच्या कानांएवढे मोठे असतात. ते नाव कानांवरून, शेपटीवरून नाही. त्याची शेपटी वरीलपैकी कुठलीही असू शकते.

जन्मजात की आजारी?

आमच्या मोआदोनमध्ये येणाऱ्या एका बाईंना नातवाने निळा हाफमून आणून दिला होता, फुलदाणीत. दीड महिन्याने त्या आनंदाने सांगू लागल्या, ‘अगं, माझ्या माशाची शेपटी बदलली! आता तो क्राउनटेल झाला.’ मी घरी जाऊन पाहिलं. शेपटीच्या कडा झिजून काड्या उघड्या पडल्या होत्या. एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. कडेला काळपट रेघ होती. हा मुकुट नव्हता, ही शेपटी कुजत चालली होती.

लक्षात ठेवा, शेपटीचा प्रकार जन्मभर तोच राहतो. क्राउनटेलच्या काड्या सगळीकडे सारख्या अंतराने बाहेर येतात आणि त्यांची टोकं स्वच्छ असतात. कूज लागली की कड वेडीवाकडी होते, तिथे काळा, लाल किंवा पांढरट रंग दिसतो आणि शेपटी दिवसेंदिवस आखूड होत जाते. तसंच डबलटेलची फाट मुळापासून असते. मधूनच सरळ फाटलेली शेपटी म्हणजे काहीतरी टोचलं आहे. अर्धी खाल्ल्यासारखी दिसली तर माशाने ती स्वतः चावली असेल.

त्या बाईंनी औषधाबद्दल विचारलं. मी म्हटलं, आधी अंथरूण-पांघरूण स्वच्छ करू, मग औषध. माशाचं अंथरूण म्हणजे पाणी. मोठी टाकी आणली, पाणी उबदार ठेवलं, नियमाने बदललं. काही आठवड्यांनी काड्यांमध्ये नवा पडदा धरू लागला. तो आधी पारदर्शक असतो, रंग नंतर भरतो. कूज थांबली नाही किंवा अंगापर्यंत पोचली, तर माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याला विचारावं. घरातल्या माणसांच्या गोळ्या पाण्यात टाकू नयेत.

रोजची निगा

टाकी. निदान दहा लिटरची, वीसची असेल तर उत्तम. वर झाकण हवं, कारण हा मासा उडी मारतो. पण पाणी आणि झाकण यांच्यात हवेला जागा ठेवा.

ऊब. पाणी २५ ते २८ अंश असावं. इथल्या हिवाळ्यात फरशीच्या घरात पाणी फार गार पडतं, म्हणून छोटा हीटर आणि थर्मामीटर हवाच. खमसीनच्या दिवसांत टाकी उन्हातून हलवा.

पाणी. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया होतो, तो विषारी. उपयोगी जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून घाई करू नका. आधी टाकी, मागून मासा. दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायचं औषध दुकानात मिळतं, ते घालूनच नवं पाणी सोडा. फिल्टर संथ असावा आणि त्याचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळावा. नळाखाली धुतला तर चांगले जिवाणूही मरतात. साबण तर मुळीच नको.

अन्न. हा मांसाहारी आहे, रानात डासांच्या अळ्या आणि किडे खातो. पावाचा चुरा, भाताची शितं नकोत. बेट्टासाठी मिळणारे दाणे सकाळी दोन-तीन, संध्याकाळी दोन-तीन. आजीच्या हाताने जास्त वाढलं जातं, तेवढं सांभाळा! दोन-तीन दिवस गावाला गेलात तर मोठा मासा उपाशी मरत नाही.

सजावट. टोकदार प्लास्टिकच्या झाडांनी शेपटी फाटते. जुना नायलॉनचा मोजा वस्तूवरून फिरवून बघा. मोजा अडकला तर शेपटीही अडकेल. मुंबईत अंगणाअंगणातून असलेलं देशी बदामाचं झाड आठवतं ना? त्याची सुकी पानं थायलंडमध्ये बेट्टाच्या पाण्यात घालतात. पाणी चहासारखं होतं, ते घाण नव्हे.

सोबत. दोन नर एकत्र कधीच नाहीत. नर-मादीही कायमची एकत्र ठेवू नयेत. पाण्यावर फेस दिसला तर घाबरू नका, नर तोंडातल्या बुडबुड्यांनी पिल्लांसाठी घरटं बांधतो.

आता माझ्या वयाच्या मंडळींसाठी. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो. भरलेली टाकी हलवू नका, बादली उचलू नका, छोट्या जगने पाणी काढा-घाला. हाताला जखम असेल, विशेषतः मधुमेह असेल, तर टाकीत हात घालू नका. अशा पाण्यातून त्वचेचा चिवट संसर्ग होऊ शकतो. एरवीही नंतर हात साबणाने धुवा.

बालमित्रांनो, तुमच्यासाठी एक काम. एक वही करा. मासा घरी आला त्या दिवशी त्याच्या शेपटीचं चित्र काढा आणि खाली प्रकार लिहा. दर शुक्रवारी पाणी बदलताना चित्राशी शेपटी ताडून बघा. पाण्याची उष्णता लिहा, त्याने जेवण घेतलं की नाही ते लिहा. हॉस्पिटलात पेशंटच्या पायाशी चार्ट लावतात, तसाच हा तुमच्या माशाचा चार्ट. आणि तो कधी नकोसा झाला तर ओढ्यात, नदीत सोडू नका, दुसऱ्या कुणाला द्या.

ज्यांच्या घरी आज ग्लासात किंवा फुलदाणीत मासा आहे, त्यांनी हा अंक वाचून झाल्यावर एकदा त्याच्या शेपटीच्या कडेकडे नीट बघावं. कड स्वच्छ असेल तर आनंद आहे, आता फक्त टाकी मोठी आणा. कड झिजलेली असेल तर उद्यावर टाकू नका.