फिरवलं तर फिरतं, ओढलं तर नाही: वर्म गिअरची गंमत

हिवाळ्यात घरात हीटिंग सुरू झालं की आमच्या तानपुऱ्याच्या खुंट्या रुसतात. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, खुंटी भोकात सैल होते आणि नुकतीच लावलेली तार डोळ्यांदेखत उतरते. मग खडू लावा, खुंटी दाबा, पुन्हा पिळा. शेजारीच लेकीची गिटार असते. तिच्या खुंट्या मात्र घसरत नाहीत. असं का?

गिटारच्या डोक्याकडची चावी नीट पाहा. चावीच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे असतात. हा 'वर्म', म्हणजे अळी. त्याला काटकोनात एक दातेरी चाक भिडलेलं असतं आणि त्या चाकाबरोबर फिरणाऱ्या खुंटीवर तार गुंडाळलेली असते.

वर्मवर एकच आटा असेल, तर त्याच्या एका फेऱ्यात चाक फक्त एक दाता पुढे सरकतं. चाकाला १४ दाते असतील, तर खुंटीच्या एका फेऱ्यासाठी चावीचे १४ फेरे. म्हणूनच सूर इतका बारीक लावता येतो. हेच काम साध्या दोन गिअरवर सोपवलं असतं, तर लहान चाकाला १२ दाते धरले तरी मोठ्याला १६८ लागले असते!

आता खरी गंमत. तार कितीही ओढली तरी चावी उलटी का फिरत नाही? कागदाचा काटकोन त्रिकोण कापून पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्याची तिरपी बाजू म्हणजे आटा. थोडक्यात, आटा हा दांड्याभोवती गुंडाळलेला चढ आहे. चढ अगदी मंद असेल, तर त्यावर ठेवलेलं खोकं आपोआप घसरत नाही, घर्षण त्याला धरून ठेवतं. चाकाचा दाता हे ते खोकं. तो आट्याला रेटतो, पण त्यातला फारच थोडा जोर वर्मला फिरवायला उपयोगी पडतो आणि तेवढा घर्षण सहज अडवतं.

पण हे फुकट मिळत नाही. भार उलटा येऊ नये, म्हणून घर्षणाला निदान त्या भाराइतकं बळ लागतं. तेच घर्षण पुढे फिरवतानाही आडवं येतं. त्यामुळे असा स्वतःहून अडकणारा वर्म आपली निम्म्याहून अधिक मेहनत उष्णतेत घालवतो. मोठ्या यंत्रांत म्हणूनच पोलादी वर्म, ब्राँझचं चाक आणि भरपूर वंगण लागतं.

इथेच सावध राहायला हवं. वंगणाने घर्षण कमी होतं आणि कंपनांमुळे अडकलेलं हळूहळू सरकू शकतं. जास्त आट्यांचा, तीव्र चढाचा वर्म तर उलटाही फिरतो. जुन्या लिफ्टच्या यंत्रांत वर्म गिअर सर्रास सापडतो, पण थांबलेली लिफ्ट धरून ठेवायला वेगळा ब्रेक असतोच. गॅरेजमध्ये वर्मची विंच असेल, तरी टांगलेल्या वजनाखाली कधीही उभं राहू नका.

रबरी नळीवर आवळायची पट्टी आठवते? त्यातला स्क्रू म्हणजेही वर्म, आणि चिरा असलेली पट्टी म्हणजे सपाट पसरलेलं चाक. लमली रॉबिन्सन या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १९२१ साली तिचं पेटंट घेतलं. 'ज्युबिली क्लिप' ती हीच.

शेवटी तानपुरा काय नि गिटार काय, तार धरून ठेवतं ते घर्षणच. लाकडी खुंटीला साऱ्या तारेचा ताण एकट्या घर्षणावर पेलावा लागतो, तर वर्ममध्ये त्याच्या वाट्याला थोडासाच येतो. आमच्याकडे मात्र अजून खडूच!