पाण्याच्या उलट वाटेनं

धाकट्यानं काल कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या कठड्याला हनुवटी टेकवून विचारलं, “आबा, एवढं पाणी येतं कुठनं?” मी नुसतं “वरनं” म्हणून वेळ मारून नेली. ते बरोबर झालं नाही. असं विचारणाऱ्या पोराला पुरतं उत्तर मिळालं पाहिजे. आज जेवणं लवकर झालीत. बसा सगळे, सांगतो.

हे उत्तर मी आणि तुमच्या ताईनं गेल्या भादव्यात सायकलवरून शोधलंय. पाणी वरून खाली येतं, आम्ही खालून वर गेलो. सांगलीहून ईश्वरपूर, कराड आणि मग सातारा, दोन दिवस लागले. त्या हमरस्त्याचं सांगण्यासारखं फार नाही. ट्रक शेजारून गेला की वाऱ्यानं सायकल हलते, एवढंच. पण वाटेतल्या दोन जागा मनात ठेवा. एक कराडचा प्रीतिसंगम. तिथं कोयना आणि कृष्णा अगदी समोरासमोर येऊन भेटतात. दुसरी काशीळ. तिथं उरमोडी नावाची नदी कृष्णेला मिळते. या दोन्ही जागा पुढं लागणार आहेत.

खरी मजा तिसऱ्या दिवशी पहाटे सुरू झाली. साताऱ्यात समर्थ मंदिराजवळून एक रस्ता वळतो आणि लगेच चढायला लागतो. हा यवतेश्वरचा घाट. सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरांवर आहे आणि कासचं पठार बाराशेच्या आसपास. म्हणजे पाचशे मीटर चढ. शंभर-सव्वाशे मजली इमारत समजा.

“आबा, तुमचे पाय दुखले नाहीत?”

दुखले की. पण घाट बांधणाऱ्यानं आणि सायकल करणाऱ्यानं माझी सोय करून ठेवली होती. घाटाचा रस्ता नागमोडी का असतो? सरळ रेषेत डोंगर चढायचा तर दर पावलाला जास्त उचलावं लागतं. वळणं घेत गेलं की रस्ता लांबतो, पण दर हाताला चढ थोडाच येतो. सायकलचा गिअर हेच काम चाकात करतो. पुढं छोटी दातेरी चकती आणि मागं तेवढ्याच दात्यांची मोठी चकती घेतली, तर पायडलच्या एका फेरीत चाकही एकच फेरी फिरतं, म्हणजे सायकल दोनेक मीटर सरकते. सपाटीवर पुढं चव्वेचाळीस दात्यांची आणि मागं चौदाची घेतली, तर त्याच एका फेरीत साडेसहा मीटर. वाट तेवढीच, उंचीही तेवढीच. काम वाचत नाही, ते फक्त लहान लहान घासांत वाटलं जातं.

आणि ते काम किती, तेही ताईनं तिथंच दगडावर बसून काढलं. मी आणि सायकल मिळून ऐंशी किलो. ऐंशी किलो पाचशे मीटर उचलायला लागते जवळजवळ चार लाख ज्यूल ऊर्जा. आपलं शरीर खाल्लेल्यातला चौथा हिस्साच स्नायूंच्या कामाला लावू शकतं, बाकीची उष्णता होऊन घामावाटे जाते. हिशेब सगळा धरला तर होतात चारशे कॅलरी. म्हणजे ज्वारीच्या दोन चांगल्या भाकरी! रस्त्याची आणि वाऱ्याची ओढ वेगळी, पण मला नुसतं वर उचलून ठेवायचं काम दोन भाकरींनी केलं. तेव्हापासून मी भाकरीकडं जरा आदरानं बघतो.

घाट संपला की पुढचा रस्ता चढ-उतारांचा. पेट्री, आटाळी अशी गावं मागं पडतात. शंभर मीटर वर गेलं की हवा साधारण अर्धा-पाऊण अंशानं गार होते. पाचशे मीटरांत तीन-साडेतीन अंश. गाडीत काच लावून बसलेल्याला हे समजत नाही. सायकलवर घामेजलेल्या मानेला ते बरोबर समजतं. त्या दिवशी आधी गारवा लागला, मग धुकं आलं, मग धुक्यात गुरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या, आणि मग पायाखाली लाल-काळा सच्छिद्र दगड. जांभा.

आता नीट ऐका, कारण पुढची सगळी गंमत या दगडाची आहे. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी इथं जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहत होता. थरावर थर बसले आणि आपला काळा पाषाण झाला. त्यावर लाखो वर्षं पाऊस पडला. पावसानं दगडातलं विरघळण्यासारखं जे होतं ते धुऊन नेलं. उरलं काय? लोखंड आणि ॲल्युमिनियम. गाळणीत चहापत्ती उरते तसं. म्हणून जांभ्याला गंजाचा रंग. त्याच्यावर माती बोटभर, कुठं तेवढीही नाही. पावसाळ्यात पाणी साचून राहतं, उन्हाळ्यात तवा तापतो. झाडाला मूळ धरायला जागा नाही. सावली धरणारं मोठं झाडच नाही, म्हणून चार महिने छोट्यांचं राज्य. गुलाबी-जांभळा तेरडा, पिवळी सोनकी, गेंदाचे पांढरे गोंडे. पश्चिम घाटातल्या ज्या जागा 2012 साली जागतिक वारशात घेतल्या गेल्या, त्यांत हे पठार आहे.

पण मला आणि ताईला सगळ्यात जास्त वेळ अडवून ठेवलं ते नखाएवढ्या जांभळ्या फुलांनी. सीतेची आसवं म्हणतात त्यांना. दिसायला गरीब. खाली ओल्या मातीत मात्र या बाईसाहेबांनी सापळे लावलेले असतात, टाचणीच्या डोक्याएवढ्या पिशव्या. पिशवी आपल्यातलं पाणी बाहेर उपसून आतून पोकळ, ताणलेली राहते. दाराशी बारीक केस. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव त्या केसाला लागला की दार आत उघडतं आणि पाण्यासकट जीव आत खेचला जातो. किती वेळात? सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत. तुमची पापणी मिटायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. शेजारीच दवबिंदू. त्याच्या पानांवर चिकट थेंब चमकतात, किडा बसला की अडकलाच.

“पण झाड किडे खातं कशाला?”

कारण जांभ्यात नत्र नाही. पावसानं तेही धुऊन नेलं. मातीनं दिलं नाही ते ही झाडं किड्याकडून घेतात. आणि तिथंच साचलेल्या पाण्यात वायतुरा उभा असतो. इंग्रजीतल्या वाय अक्षरासारखा त्याचा तुरा दोन फाट्यांचा, म्हणून हे नाव. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, अपोनोजेटॉन सातारेन्सिस. सह्याद्रीच्या मोजक्या पठारांखेरीज तो जगात कुठं उगवत नाही. पाणी आटलं की वर काहीच दिसत नाही. तो मातीत कंद होऊन झोपतो आणि पुढच्या आषाढाची वाट बघतो.

पुढं कास तलाव. तिन्ही बाजूंनी गर्द झाडी, मध्ये शांत पाणी. पठारावर झाड नाही आणि इथं रान, कारण उतारावर माती साठली आहे. हे पाणी सातारा शहर पितं, आणि ते शहरात जातं नुसत्या उतारानं. आम्ही दोन भाकरी खर्चून जेवढं चढलो, तेवढंच पाणी आपोआप उतरतं, पंप लागत नाही. तलावातून निघते उरमोडी. सज्जनगडाच्या पायथ्याशी परळीला तिच्यावर धरण आहे, आणि मग ती काशीळजवळ कृष्णेत. त्या दोन जागांतली एक लागली का?

तलावावरून बामणोलीकडं निघालो तेव्हा पाऊस पुन्हा सुरू झाला होता. पठाराच्या कण्यावर एका जागी ताई थांबली आणि म्हणाली, “आबा, रस्त्याच्या या कडेचं पाणी इकडं चाललंय आणि त्या कडेचं तिकडं.” मी सायकल आडवी ठेवली आणि बघत उभा राहिलो. पोरांनो, पूर्वेकडं वाहणारा थेंब उरमोडीचा. हातभर पलीकडं पडलेला थेंब पश्चिमेच्या दरीत, कोयनेच्या खोऱ्यात. आकाशातून बरोबर निघालेले दोन थेंब इथं वेगळे झाले.

आम्ही दुसऱ्या थेंबामागं गेलो. बामणोलीपर्यंत पाचशे मीटरांहून जास्त उतार. चढताना जमवलेली ऊर्जा उतरताना कुठंतरी जायला हवी. ती काही वाऱ्यात जाते, बाकी ब्रेकमध्ये उष्णता होते. सगळी एका जागी धरता आली तर तिच्यावर सात-आठ कप चहाचं पाणी उकळेल. म्हणून ब्रेक सतत दाबून धरायचा नाही. दाबायचा, सोडायचा, रिमला गार व्हायला वेळ द्यायचा. खाली पोचल्यावर ताईनं रिमला बोट लावलं आणि लगेच मागं घेतलं.

समोर शिवसागर. कोयना, सोळशी आणि कांदाटी या तिघींचं पाणी अडवून झालेला, पन्नास किलोमीटर पसरलेला जलाशय. डोंगरात एवढं चढून गेल्यावर वाटतं आपण फार उंचावर आलो. पण भरलेल्या शिवसागराची पातळी 659 मीटर, साताऱ्याच्याही खाली. या पाण्याचा भार धरतीला जाणवतो. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर हादरलं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. पाणी खडकाच्या भेगांत शिरतं, तिथला दाब वाढतो आणि आधीच ताणलेला खडक घसरतो. धरणामुळं होणाऱ्या भूकंपांचा अभ्यास करायला जगभरचे शास्त्रज्ञ तेव्हापासून कोयनेला येतात.

त्या दुसऱ्या थेंबाचं नशीब इथं पुन्हा एकदा ठरतं. धरणाच्या पायथ्यातून सुटला तर पूर्वेला, कराडच्या प्रीतिसंगमावर, आणि तिथं कृष्णेत त्याची गाठ पडते पठारावर सुटलेल्या सोबत्याशी. तो उरमोडीतून काशीळला येऊन आधीच कृष्णेत उतरलेला असतो. दोघं मिळून आपल्या पुलाखालून जातात आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. पण बोगद्यात शिरला, तर सह्याद्रीच्या पोटातून साडेचारशे मीटरांहून जास्त खाली कोसळतो, वीज तयार करतो आणि वाशिष्ठीतून चिपळूणवरून अरबी समुद्रात. आपल्या घरातला हा दिवा कदाचित त्याच्यावरच जळत असेल.

ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी पंचेचाळीस. तेव्हा मीही इतरांसारखा नदीला बोललो. आता पाणी चढलं की आधी डोळ्यांपुढं ते पठार येतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या पुढं पाऊस, आणि आपल्या जत-आटपाडीला पाचशेच्या आसपास. डोंगर ढगांना पिळून घेतो आणि आपल्याकडं रिकामे ढग पाठवतो. पाणी मात्र नदीतून धाडतो. वरचा पाऊस आपल्या आकाशात दिसत नाही, तो आपल्या पुलाखाली दिसतो.

येत्या भादव्यात तुम्हा दोघांनाही नेतो. रविवारी नाही. सुट्टीला त्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि सायकलला जागा राहत नाही. मंगळवार-बुधवारी, पहाटे. पठारावर आखून दिलेली वाट सोडून एक पाऊलही बाहेर टाकायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. बोटभर मातीत वायतुऱ्याचा कंद असतो, आणि तो पायाखाली चिरडला तर पुढच्या आषाढात तिथं उगवत नाही.