आवाजाची वाट : तारेतून की प्रकाशातून?

समजा पाचोडच्या एखाद्या शाळेत स्नेहसंमेलनाची तयारी चालली आहे. नाचाची गाणी संगणकात साठवलेली आहेत. संगणक सभागृहाच्या एका कडेला, तर अ‍ॅम्प्लिफायर रंगमंचाच्या दुसऱ्या कडेला. दोघांची जोडणी होते आणि गाणे सुरू होण्यापूर्वीच स्पीकरमधून ‘हंऽऽऽ’ असा संथ, घुमणारा आवाज येऊ लागतो. मग सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, “महागडी यूएसबी केबल आणा.” दुसरा म्हणतो, “तांब्याची तार नकोच, ऑप्टिकल केबल लावा. प्रकाश वेगवान, म्हणून आवाजही सरस!” तिसरा म्हणतो, “प्लगची जाड पिन काढून टाका, घुमणे लगेच थांबेल.” यांपैकी कोणाचे ऐकावे?

संगणकातून काय बाहेर पडते?

संगणकात गाणे साठवलेले असते ते अंकांच्या रूपात. कॉम्पॅक्ट डिस्कच्या पद्धतीत ध्वनितरंगाची उंची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात आणि प्रत्येक माप १६ द्विमान अंकांत, म्हणजे शून्य आणि एक यांच्या रांगेत लिहितात. डाव्या व उजव्या अशा दोन बाजू धरल्या तर ४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० इतके द्विमान अंक दर सेकंदाला पाठवावे लागतात. हे अंक ‘डॅक’ नावाच्या उपकरणाकडे जातात. ते अंकांवरून पुन्हा विजेचा तरंग घडवते आणि अ‍ॅम्प्लिफायर तो तरंग मोठा करतो. आपला प्रश्न एवढाच, की संगणकापासून डॅकपर्यंत हे अंक कोणत्या वाटेने न्यावेत?

दोन वाटा

पहिली वाट यूएसबीची. ही पद्धत १९९६ मध्ये पुढे आली. बडोद्यात शिकलेले अभियंते अजय भट्ट यांचा तिच्या जडणघडणीत मोठा वाटा आहे. नेहमीच्या यूएसबी केबलमध्ये तांब्याच्या चार तारा असतात. त्यांपैकी दोन अंक वाहून नेतात आणि उरलेल्या दोन ५ व्होल्ट दाबाने वीज पुरवतात. म्हणून लहान डॅकला वेगळा अ‍ॅडॉप्टर लागत नाही. ही वाट दुहेरी आहे. मायक्रोफोनचा आवाज याच मार्गाने संगणकात आणता येतो.

दुसरी वाट प्रकाशाची. तोशिबा कंपनीने १९८३ मध्ये ‘टॉसलिंक’ नावाची जोडणी आणली. तिच्यात सुमारे १ मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा तंतू असतो. एका टोकाला तांबडा दिवा अतिशय वेगाने उघडझाप करतो आणि दुसऱ्या टोकाचा प्रकाशसंवेदक ती उघडझाप वाचतो. तंतूच्या गाभ्यापेक्षा त्याच्या वेष्टनाचा वक्रीभवनांक कमी असतो. त्यामुळे तिरपा पडलेला किरण बाहेर न निसटता आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो. पाठ्यपुस्तकातील ‘पूर्ण आंतरिक परावर्तन’ ते हेच. भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ नरिंदरसिंग कपानी यांनी हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासह तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवण्याचे काम १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हापासून या शास्त्राने झपाट्याने प्रगती केली.

प्रकाश वेगवान, म्हणून आवाज चांगला?

दुसऱ्या सल्लागाराचा तर्क येथेच लंगडा पडतो. प्लास्टिकमध्ये प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असतो. २ मीटरचा तंतू ओलांडायला त्याला सेकंदाचा दहा कोटीवा भाग पुरतो. तांब्याच्या तारेतून जाणारा विद्युत् संकेतही जवळपास तितकाच चपळ असतो. एवढा सूक्ष्म फरक कोणत्या कानाला कळणार? क्षमतेचा प्रश्नही उरत नाही. २००० साली आलेली यूएसबी २.० पद्धत सेकंदाला ४८ कोटी द्विमान अंक नेऊ शकते. गाण्याला लागतात अवघे १४ लाख.

महत्त्वाची गोष्ट अशी की शून्य हे शून्य म्हणून आणि एक हा एक म्हणून पोहोचला, की काम झाले. तीच बेरीज निळ्या शाईने लिहिली काय आणि काळ्या शाईने लिहिली काय, उत्तर बदलत नाही. म्हणून धडधाकट साध्या केबलऐवजी महागडी केबल आणल्याने गाणे अधिक गोड होत नाही. पहिला सल्लाही बाद!

मग घुमणे येते कोठून?

आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा आंदोलने करतो. संगणक आणि अ‍ॅम्प्लिफायर सभागृहातील दोन वेगळ्या सॉकेटांना जोडलेले असतील, तर दोन्ही ठिकाणच्या अर्थिंगच्या विद्युत् दाबात किंचित फरक असू शकतो. यूएसबीच्या तांब्याने आणि डॅकपासून पुढे जाणाऱ्या तारेने ही दोन टोके जोडली जातात, वर्तुळ पूर्ण होते आणि त्यातून नको असलेला प्रवाह वाहू लागतो. तोच स्पीकरमधून घुमतो. याला ‘ग्राउंड लूप’ म्हणतात. थोडक्यात, अंक बिघडलेले नसतात. अंकांबरोबर बिनबोलावलेली वीज आलेली असते.

प्लास्टिकचा तंतू विद्युत् विसंवाहक आहे. त्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. वर्तुळ तेथेच तुटते आणि या कारणाने होणारे घुमणे थांबते. ऑप्टिकल केबलचा खरा गुण हा आहे. मात्र डॅकला वेगळी वीज द्यावी लागते, वाट एकेरी असते, तंतू फार वाकवला तर प्रकाश निसटतो, आणि बहुतेक लॅपटॉपांना हे तोंडच नसते.

परीक्षा आणि निवड

खर्च करण्यापूर्वी एक सोपा प्रयोग करा. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवा. घुमणे थांबले तर दोष बहुधा ग्राउंड लूपचा. मग लॅपटॉप व लहान अ‍ॅम्प्लिफायर यांना अर्थिंग असलेल्या एकाच चांगल्या बोर्डावरून वीज देऊन पाहा. पुष्कळदा फुकटात काम होते. तरीही घुमणे राहिले, तर ऑप्टिकल जोडणी किंवा वीज अडवणारा यूएसबी आयसोलेटर घ्यावा. घुमणे मुळात नसेल, तर साधी यूएसबी पुरेशी आहे.

राहिला तिसरा सल्ला. प्लगमधील जाड पिन अर्थिंगची असते. ती इतर पिनांपेक्षा लांब ठेवतात, कारण प्लग लावताना सर्वांत आधी तीच जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. उपकरणात बिघाड होऊन त्याच्या धातूच्या पेटीत २३० व्होल्टची वीज उतरली, तर ती याच पिनेतून जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. पिन काढली तर घुमणे कदाचित थांबेल. पण त्या पेटीला हात लावणाऱ्याच्या शरीरातूनच ती वीज जमिनीकडे जाईल. म्हणून वर्तुळ तोडायचे ते संकेताच्या वाटेवर, अर्थिंगच्या वाटेवर कधीही नाही. तुमच्या शाळेतील प्रत्येक प्लगची जाड पिन जागेवर आहे ना, हे शिक्षकांना सोबत घेऊन उद्याच पाहा.