वस्तादाची कारकीर्द

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा मुख्य प्रशिक्षक विद्यापीठाशी करार करतो आणि दोनतीन हंगाम हरल्यास त्याला घरी बसावे लागते. महाराष्ट्रात त्याच्या जवळ जाणारी भूमिका तालमीतील वस्तादाची, म्हणजे मल्ल घडवणाऱ्या गुरूची असली, तरी तिचे मोजमाप हंगामांनी नव्हे, पिढ्यांनी होते. मार्च 2025 मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत येथे झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत वेताळ शेळके विजयी ठरला, तेव्हा गदा मल्लाच्या खांद्यावर दिसली. वस्ताद नेहमीप्रमाणे आखाड्याच्या कडेलाच राहिले.

पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत हरिश्चंद्र बिराजदार यांनी स्वतःची कुस्ती संपल्यावर शिष्य घडवले. त्यांतले काका पवार अर्जुन पुरस्काराचे मानकरी झाले आणि पुढे पुण्यातच कुस्ती संकुल उभारून स्वतः वस्ताद बनले. पाटोद्याच्या राहुल आवारेला या दोघांचेही मार्गदर्शन लाभले. त्याने 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. 2020 च्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत तर अकोले तालुक्याचा हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके हे पवारांचेच दोन पठ्ठे समोरासमोर आले, आणि वस्तादाला कोणाच्याही बाजूने ओरडण्याची सोय उरली नाही. जिंकलेल्या हर्षवर्धनने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतले.

वस्तादाचा दिवस पहाटे हौदापासून, म्हणजे ताक, तेल, हळद मिसळलेल्या तांबड्या मातीच्या आखाड्यापासून सुरू होतो. पोरांचा खुराकही त्याच्याच नजरेखाली असतो.