पानगळीच्या सहलीत डोंगर-सायकलचा पार्क निवडताना

ऑक्टोबर जवळ आला, की अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मराठी घरांतून दोन बेत एकदमच शिजू लागतात. एक दसरा-दिवाळीचा आणि दुसरा ‘फॉल कलर्स’चा. मेपल, बर्च, ओक यांची पानं पिवळी, नारिंगी, लालभडक होतात आणि न्यू इंग्लंडचे डोंगर असे काही पेटतात, की आपल्या पळसाची आठवण व्हावी. कित्येक वर्षं आम्हां बायकांच्या दृष्टीनं ही सहल अगदी सोपी होती. मोटारीत बसायचं, खिडकीतून बघायचं, सफरचंदाच्या बागेत फोटो काढायचे आणि परतायचं. पण मुलं बारा-तेरा वर्षांची झाली, की खिडकीतून झाडं बघायला ती काही तयार होत नाहीत. त्यांना हवा असतो बाइक पार्क!

बाइक पार्क म्हणजे काय, असं माझ्या पुण्याच्या नणंदेनं फोनवर विचारलं होतं. तुमच्यापैकीही कुणाला हा प्रश्न पडला असेल, म्हणून सांगते. हिवाळ्यात बर्फावरून घसरण्याचे जे डोंगर असतात, त्यांच्यावर उन्हाळ्यात आणि शरदात सायकलींचं राज्य असतं. रायगडचा रोपवे डोळ्यांपुढे आणा. तशाच तारेवरच्या खुर्च्यांना किंवा डब्यांना सायकल अडकवायची, माथ्यावर जायचं आणि मुद्दाम आखलेल्या मातीच्या वाटांवरून खाली यायचं. चढ नाहीच, सगळा उतार. वाटांना रंग असतात. हिरवं वर्तुळ म्हणजे सोपी, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा म्हणजे अवघड आणि दोन काळे हिरे म्हणजे आपण तिकडे बघायचंसुद्धा नाही!

आता पार्क निवडतं कोण? बहुतेक घरांत मुलगा निवडतो. त्यानं चित्रफिती बघितलेल्या असतात, त्यात कुणीतरी हवेत उडत असतो, आणि ‘हाच पार्क’ म्हणून तो हटून बसतो. वडिलांनाही मनातून तेच हवं असतं. आमच्या ओळखीच्या एका घरी गेल्या वर्षी असंच झालं. तेरा वर्षांचा मुलगा, हात चांगला बसलेला, पण मोठ्या मुलांच्या मागोमाग काळ्या वाटेवर गेला आणि हासळीचं हाड मोडून घेतलं. सहा आठवडे हात गळ्यात. मोडलेलं हाड सांधलं, पण त्याच्या धाकट्या बहिणीनं त्या दिवसापासून सायकलला हात लावलेला नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की पार्क हा घरातल्या सर्वांत कच्च्या गड्याकडे बघून निवडावा. पक्क्या गड्याला कुठल्याही डोंगरावर त्याच्या जोगी वाट सापडते. कच्च्याला मात्र सापडतेच असं नाही. फोन करून एकच प्रश्न विचारा: “हिरवी वाट डोंगराच्या माथ्यापासून आहे, की फक्त पायथ्याच्या लहान पाळण्यापुरती?” माथ्यापासून असेल, तर सगळं घर एकाच पाळण्यातून वर जाऊ शकतं. मोठ्यांनी निळीनं उतरावं, लहानांनी हिरवीनं, आणि खाली भेटावं. नसेल, तर दिवसभर कुटुंबाची दोन टोकांना पांगापांग.

दुसरा प्रश्न आपल्याबद्दलचा, आणि तो आपण कधी विचारतच नाही. सायकल न चालवणाऱ्या माणसानं तिथं आठ तास करायचं काय? या पार्कांच्या मोटारतळावर मी आपल्या कितीतरी बायका बघितल्या आहेत. मांडीवर डब्यांची पिशवी, अंगावर दोन स्वेटर, हातात कुणाचातरी चष्मा आणि डोळे डोंगराकडे. सहलीला आलेलं माणूस वाटतच नाही, दवाखान्याबाहेर बसल्यासारखं वाटतं. ही सहल जर चौघांची असेल, तर तिच्या खर्चात नि आनंदात चौथा वाटा आपला आहे, हे आधीच, नकाशा उघडतानाच सांगायला हवं.

हे दोन्ही प्रश्न मनात धरून मी गेल्या सप्टेंबरात घरच्या टेबलावर कागद घेऊन बसले. मुलगा चौदाचा, मुलगी दहाची. तिनं आजवर फक्त सपाट रस्त्यावर सायकल चालवलेली. एडिसनहून किती तास, हेही प्रत्येक नावापुढे मांडलं.

सर्वांत जवळचा म्हणजे आमच्याच राज्यातला, व्हर्नन गावचा माउंटन क्रीक. सव्वा-दीड तासाची वाट. उभं राहून जायच्या उघड्या डब्यांतून वर नेतात. एका दिवसात जाऊन येता येतं, त्यामुळे मुलांना हा खेळ झेपतो की नाही याची चाचणी घ्यायला उत्तम. पण वाटा दगडाळ म्हणून नावाजलेल्या आहेत आणि रंगांसाठी म्हणून काही आपण तिथं मुक्काम करणार नाही.

मुलाचा हट्ट व्हर्माँटच्या किलिंग्टनचा होता. पाच तासांचा प्रवास. त्या राज्यातलं दुसऱ्या क्रमांकाचं उंच शिखर, ४,२४१ फूट. पाळण्याचा बंदिस्त डबा वरपर्यंत जातो आणि रंगांच्या दिवसांत सायकल नसलेल्यांनाही नुसतं डोंगर बघायला तिकीट मिळतं. म्हणजे आपली सोय आहे. नवख्यांसाठी खालच्या बाजूला वेगळा, सौम्य डोंगर आहे. तोही चांगलाच. माझी अडचण एवढीच, की मुलगी एका बाजूला आणि मुलगा दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या मोटारतळावर मी!

न्यू हॅम्पशरचा हायलँड (नॉर्थफील्ड गाव) हा वेगळाच प्रकार. बर्फाचा धंदा बंद पडलेला जुना डोंगर २००६ साली फक्त सायकलींसाठी उघडला. हिवाळ्यात तिथं स्की नाहीच. सायकल हाच एक धंदा असल्यामुळे शिकवणारे चांगले आणि नवख्याला सायकल, हेल्मेट, ढोपर-कोपराची पॅड, शिकवणी, तिकीट असं सारं एकत्र मिळतं. घरातले चारही जण चालवणारे असतील, तर मी डोळे मिटून हेच नाव सांगेन. पण न चालवणाऱ्याला तिथं करायला फारसं काही नाही, आणि आमच्या घरापासून साडेपाच तास.

किंगडम ट्रेल्सबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण मला ती कल्पनाच फार आवडली. व्हर्माँटच्या ईशान्य कोपऱ्यात, ईस्ट बर्क गावात, १९९४ पासून ही संस्था आहे. शंभर मैलांहून अधिक वाटा, आणि त्या जवळजवळ सगळ्या लोकांच्या खाजगी जमिनींतून जाणाऱ्या. कुणाचं कुरण, कुणाचं मेपलचं रान. शेतकरी वाट देतो, म्हणून सायकल चालते. गर्दी वाढली, सायकलवाल्यांचं वागणं सुटलं, आणि डिसेंबर २०१९ मध्ये तीन जमीनमालकांनी आपल्या हद्दीतून सायकली बंद केल्या. वर्षानुवर्षांच्या आवडत्या वाटा एका दिवसात तुटल्या! आपल्याकडे शेताच्या बांधावरून जाऊ देणारा माणूस एखाद्या दिवशी काटे लावतो, तसंच. या वाटांवर पाळणा नाही, पाय मारावे लागतात. म्हणून उताराची धास्ती असलेल्या मोठ्या माणसांना हेच बरं. पण सहा तासांचा प्रवास आणि चढ, दोन्ही दहा वर्षांच्या मुलीला जड.

आम्ही निवडला तो मॅसॅच्युसेट्समधला थंडर माउंटन. चार्लमाँट गाव, बर्कशायर ईस्ट नावाच्या स्कीच्या डोंगरावर २०१५ साली सुरू झालेला. चार तासांत पोचतो, तोही मोहॉक ट्रेलनं. हा १९१४ सालचा रस्ता खास निसर्ग बघत जाण्यासाठी प्रसिद्ध आहे आणि डिअरफील्ड नदी कितीतरी वेळ सोबत असते. डोंगरावर रुळांवरून घरंगळत येणारी गाडी आहे, तारेवरून सरकत जायचा खेळ आहे. आणि जवळच शेलबर्न फॉल्स गावात माझ्यासाठी एक ठिकाण निघालं. तिथला ट्रॉली-गाड्यांसाठी १९०८ साली बांधलेला पूल गाड्या बंद पडल्यावर गवतानं माजला होता. गावातल्याच एका बाईंना सुचलं, की इथं बाग करावी. गावच्या महिला मंडळानं ते अंगावर घेतलं आणि १९२९ पासून तो फुलांचा पूल झाला. चारशे फूट लांब, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत नुसती फुलं. हे वाचलं आणि मी कागदावर रेघ मारली! मुलानं दोन दिवस तोंड फुगवलं, मग तिथल्या काळ्या वाटांच्या चित्रफिती सापडल्यावर आपोआप खुलला.

तारखेचं मात्र जपून. रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत येतात. व्हर्माँटच्या वरच्या भागात सप्टेंबरच्या शेवटापासून, बर्कशायरच्या डोंगरांत ऑक्टोबरच्या मध्याला, आमच्या न्यू जर्सीत त्याच्याही नंतर. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी सुट्टी असते, त्या तीन दिवसांत खोल्या मिळत नाहीत आणि भाड्याच्या सायकलीही मधल्या मापाच्या आधी संपतात. शिवाय शरदात अनेक पार्क फक्त शनिवार-रविवार चालतात आणि काही त्या लांब सुट्टीनंतर बंदच होतात. खोली घेण्याआधी पार्कच्या तारखा पाहाव्यात, उलट करू नये.

भाड्याचा विचारही आधीच व्हावा. उताराची सायकल जड असते, पुढं-मागं सात-आठ इंच दबणारे धक्के-शोषक असतात. बहुतेक ठिकाणी तिचं दिवसाचं भाडं तिकिटापेक्षा जास्त पडतं. तरी घरची साधी सायकल न्यायचा मोह टाळा. हेल्मेट हनुवटी झाकणारं हवं. स्वतःचं घ्यायचं असेल, तर आतल्या चिठ्ठीवर ‘एएसटीएम एफ १९५२’ लिहिलंय का ते बघा. उतारावरच्या सायकलींसाठीचं ते मानक आहे.

आणि आता एक गोष्ट, जी मी मुद्दाम ठळक सांगते. आपल्याकडे सायकलचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. अमेरिकेत तो डाव्या हाताला असतो! सांगली-साताऱ्याला सायकल शिकलेले आपले हे, घाबरल्यावर सवयीनं डावा हात आवळतात. आपल्याकडे तो मागचा ब्रेक, इथं पुढचा. सपाटीवर काही होत नाही, उतारावर मात्र माणूस थेट हँडलवरून पलीकडे. तेव्हा वर जाण्यापूर्वी मोटारतळावर दहा मिनिटं चकरा मारायला लावाव्यात. त्यांच्या कमीपणाचा त्यात काही प्रश्न नाही. शिकवणी घेतली, तर बैठक खाली करून पॅडलवर उभं राहणं, नजर चाकाकडे नव्हे तर पुढच्या वळणाकडे ठेवणं, हेही ते घटवून घेतात.

जबाबदारी आमची नाही, अशा कागदावर सही घेतात. मुलांसाठी आईवडिलांची सही लागते. तो घरीच वाचावा, तिथल्या रांगेत मागचे लोक खोळंबलेले असताना वाचून होत नाही. आरोग्य विम्यात आधी आपल्या खिशातून किती भरावे लागतात, तेवढा आकडाही माहीत असू द्या.

पावसानंतर पडलेली पानं फार फसवी. त्यांच्याखाली ओली मुळं लपलेली असतात आणि मुळावर चाक घसरतं. दिवसही लहान. ऑक्टोबरच्या मध्याला सव्वासहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारतं. “आई, फक्त एक शेवटची फेरी” हे वाक्य चार वाजता ऐकलंत, की हात थकलेत असं समजा आणि ती फेरी हिरव्या वाटेची ठरवा.

खाण्याचं फार काही सांगत नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि केळी. हातमोजे काढून दोन घासांत संपेल असं द्यावं. थर्मासमध्ये चहा आपल्यासाठी.

परतल्यावर मात्र मुलांना तसंच गादीवर पडू देऊ नये. या भागात गोचिडीपासून लाइम नावाचा आजार होतो (कनेटिकटमधल्या लाइम गावावरून ते नाव पडलं) आणि मोठ्या गोचिडी शरदातही चांगल्याच फिरत असतात. आंघोळ घालताना गुडघ्यामागं, काखेत, कानामागं, केसांत, कमरेच्या पट्ट्याखाली नीट बघावं. सापडली, तर बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. तेल-रॉकेल लावत बसू नये. कपडे ओल्या चिखलासकट यंत्रात घातलेत तर डाग बसतात. ते आधी पूर्ण वाळू द्यावेत, बाहेर झटकावेत, मग ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर दहा मिनिटं फिरवावेत, म्हणजे राहिलेली गोचीड मरते. त्यानंतर नेहमीसारखी धुलाई. ढोपराची पॅड यंत्रात न घालता कोमट साबणपाण्यात हातानं खळबळून सावलीत टांगावीत. दोन दिवस लागतात वाळायला, पण वास राहत नाही.